सगळं हिरवं

दुसरबीडला जालना–मेहकर रस्त्याच्या कडेला दोन भावांचं घर होतं. बाप जाऊन वर्षं झाली होती. घरात माय, थोरला, थोरल्याची बायको, त्यांची दोन लेकरं आणि धाकटा. दोन एकर रान होतं. त्यात सोयाबीन आणि कापूस, मधे तुरीचे तास. थोरल्याचं रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं.

बाप होता तेव्हा हंगामात जिजामाता साखर कारखान्यावर कामाला जायचा. त्याचा डबा धाकटा न्यायचा. कारखान्याचा भोंगा झाला की पोरगं डबा घेऊन पळत सुटायचं आणि फाटकाशी जाऊन उभं राहायचं. पुढे कारखाना बंद पडला. बाप खचला आणि दोन पावसाळ्यांत गेला.

धाकट्याने आयटीआय केलं आणि चाकणला कंपनीत लागला. तिसऱ्या वर्षी एका दुपारी तो बसमधून उतरला. हातात बॅग नव्हती. कंपनीतले लोक जेवणात काहीतरी मिसळतात, असं त्याने सांगितलं. त्यानंतर तो रात्र रात्र जागू लागला. कुणीतरी आपल्याशी बोलतं म्हणायचा. कधी दिवसभर दार लावून बसायचा, कधी भर उन्हात पायी बीबीच्या दिशेने चालत सुटायचा.

गावाने जे सांगितलं ते घराने केलं. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. मग मायने सैलानीचा नवस बोलला. चिखलीवरून पुढे पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची होळी पेटते, लांबलांबून सगळ्या धर्मांची माणसं येतात. मनाचा आजार जडलेल्यांना घरचे लोक मोठ्या आशेने तिथे घेऊन जातात. मायही पोराला घेऊन तिथे राहिली. त्याला उतार पडला नाही. पण तिच्या शेजारी बसलेल्या बायांची पोरंही तशीच जागत होती, तशीच वाऱ्याशी बोलत होती. असं काही आपल्याच घरी घडलंय, असं तिला तोवर वाटत होतं. दर्ग्यातून ती रिकाम्या हाताने परत आली, पण मनाने थोडी हलकी होऊन आली.

शेवटी थोरल्याने उसने पैसे घेतले आणि भावाला जालन्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मायकडे वळून म्हणाल्या, "मावशी, या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. जगात तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. कुणाच्या करणीनं होत नाही, आणि तुमच्या चुकीनंही झालेला नाही."

मायने विचारलं, "मग नवसाचं काय करू?"

"नवस फेडा. फक्त गोळी चुकवू नका."

गोळ्यांनी गुण आला. झोप लागू लागली, आवाज मंदावले. धाकटा रानात जाऊ लागला. बरं वाटलं तशी त्याने गोळी सोडली आणि काही महिन्यांत सगळं परत आलं. या आजारात असं फार वेळा होतं. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातल्या समाजसेविका ताईने त्याच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज रात्री आठला ते वाजायचं आणि मराठीत चार प्रश्न विचारायचं. गोळी घेतली का? काल झोप किती झाली? आवाज आले का? आज कुणाशी बोललात? उत्तरं दिली की एक गोल उमटायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा, थोडं बिघडलं असेल तर पिवळा, फार बिघडलं तर लाल.

ताई म्हणाली, "फोन तुझा, उत्तरं तुझी. तपासणीला येशील तेव्हा आम्हाला दाखव. घरात कुणाला दाखवायचं ते तू ठरवायचं." हे ती थोरल्यासमोर बोलली. थोरल्याने मान हलवली. मग तिने त्याच्या फोनमध्ये १४४१६ हा नंबर साठवून दिला आणि गावच्या आशाताईलाही कळवून ठेवला. तो टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. फोन रात्री-बेरात्री केला तरी उचलला जातो, आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

धाकट्याला अ‍ॅप आवडलं. माणसं "आवाज येतात का रे?" असं विचारत तेव्हा त्यांचा चेहरा बदलायचा. फोनला चेहरा नव्हता. तो खाटेवर बसून खरं खरं उत्तर द्यायचा. गोल बहुतेक पिवळाच यायचा. महिन्याने डॉक्टरांनी ते पिवळे गोल पाहिले, रात्रीची गोळी थोडी वाढवली आणि म्हणाल्या, "शाब्बास. असंच सांगत राहा."

त्याच सुमाराला थोरल्याचा धंदा बसला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. लांब पल्ल्याचे ट्रक तिकडे वळले आणि त्याच्या दुकानासमोरचा रस्ता मोकळा दिसू लागला. दुकानाचं भाडं थकलं. दवाखान्यासाठी घेतलेले उसने पैसे फिटले नव्हते. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. रात्री घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि सरळ धाकट्याच्या खोलीत जायचा.

"आण तो फोन."

धाकटा फोन द्यायचा. थोरला अ‍ॅप उघडून बघायचा. "काल गोळी काहून नाही घेतली? झोप काहून नाही झाली? दिवसभर काय करतो मग?" एका रात्री तिसऱ्या प्रश्नापुढे 'थोडे' असं उत्तर होतं. थोरल्याने दुसऱ्या दिवशी मोटरसायकलची किल्ली काढून घेतली. वहिनीला सांगून लेकरांना त्याच्या खोलीत जायला मनाई केली. दुकानावर बसलेल्या चार माणसांसमोर तो बोलून गेला, "धाकट्याचं पुन्हा सुरू झालं वाटतं." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

थोरला वाईट नव्हता. जालन्याच्या खेपा त्यानेच घातल्या, कर्ज त्याच्याच डोक्यावर होतं, दवाखान्याच्या बाकावर रात्री त्यानेच काढल्या. भावावर त्याचा जीव होता. पण घाबरलेल्या माणसाला जीव लावण्याची एकच रीत येते, ती म्हणजे मूठ आवळणं.

पुढच्या रात्री आठला फोन वाजला. आवाज आले का? धाकट्याने 'नाही' दाबलं. गोल हिरवा झाला. थोरल्याने पाहिला आणि काही न बोलता फोन परत दिला. त्या रात्री घरात कुणी कुणावर ओरडलं नाही.

दुसऱ्या रात्रीही हिरवा, तिसऱ्या रात्रीही. आठवडे गेले. किल्ली परत मिळाली. लेकरं पुन्हा काकाच्या खाटेवर उड्या मारू लागली. थोरला दुकानावर सांगू लागला, "मोबाईलनं सुधारला आमचा भाऊ." तपासणीच्या दिवशी धाकटा काही ना काही कारण काढायचा. मग थोरला एकटाच जाऊन गोळ्या घेऊन यायचा.

कापसाची वेचणी सुरू झाली. सकाळी दव पडू लागलं. माय पहाटे चूल पेटवायला उठायची. एक दिवस तिने धाकट्याच्या चपला उंबऱ्याशी पाहिल्या. त्या ओल्या होत्या. तिने एक उचलून उलटी केली. तळाला सराटे रुतले होते, चार-पाच, टोकं मोडलेले. घरापासून रानापर्यंतची वाट काळ्या मातीची, तिच्यावर सराटे नव्हते. मायने ते एकेक करून उपटले आणि चुलीत टाकले. पुढच्या पहाटे चपला पुन्हा ओल्या होत्या आणि सराटे पुन्हा होते.

तिने थोरल्याला सांगितलं, "धाकटा रात्री कुठंतरी जातो रे. त्याची झोप उडाली."

थोरल्याने आत जाऊन फोन आणला आणि तिच्यासमोर धरला. "हे पाहा माय. झोप आठ घंटे. आवाज नाही. सगळं हिरवं."

माय शाळेत गेली नव्हती. पण हिरवा रंग तिला दिसत होता. हिरव्यापुढे एक हिरवा, अशी रांगच्या रांग होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यातून आलेली वस्तू खोटं कशी सांगेल? आपलेच डोळे म्हातारे झाले असतील. ती गप्प बसली.

मग एका पहाटे खाट रिकामी होती. दार उघडं होतं, फोन चार्जिंगला लावलेला होता. थोरला मोटरसायकल घेऊन बस स्टँडकडे गेला, तिथून बीबीच्या रस्त्याला, मग किनगाव राजाच्या बाजूला. गावातली पोरं विहिरी बघू लागली. विहिरीचं नाव ऐकून वहिनी रडू लागली.

माय मात्र स्वयंपाकघरात गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. फळीवर नवऱ्याचा डबा असायचा, इतक्या वर्षांत तिने तो मोडीत दिला नव्हता. फळीवरची ती जागा रिकामी होती. टोपल्यातल्या दोन भाकरी कमी होत्या. आणि सराटे कुठे उगवतात ते तिला आठवलं. बंद कारखान्याच्या बाजूला मुरमाड पडीक होतं. मीठ-भाकर बांधून ती नवऱ्याबरोबर तिथे ऊस खाली करायला गेली होती, तेव्हा तिच्याच पायांत ते रुतले होते.

आशाताईला सोबत घेऊन ती निघाली.

धाकटा फाटकाशी बसला होता. मांडीवर डबा, पायांत चपला नाहीत, तळव्यांतून रक्त आलेलं. तो फाटकाच्या पलीकडे पाहत होता. मायला पाहून म्हणाला, "भोंगा होऊन किती वेळ झाला. बाबा काहून नाही आले अजून?"

मायच्या पायातलं बळ गेलं. आशाताईने १४४१६ लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडच्या बाईने आधी विचारलं, जवळ विहीर आहे का, हातात काही हत्यार आहे का, तो स्वतःला इजा करेल असं वाटतं का. मग शांतपणे सांगत गेली. गर्दी करू नका. भोंगा वाजलाच नाही म्हणून वाद घालू नका, आणि वाजला असंही म्हणू नका. भीती वाटते का ते विचारा. पाणी द्या. आणि आजच त्याला डॉक्टरांकडे न्या.

तेवढ्यात थोरला आला. ट्यूब बांधायचा दोर त्याच्या हातात होता. "पुन्हा पळाला तर? बांधूनच नेऊ." फोनवरची बाई म्हणाली, "दादा, बांधू नका."

हे सांगणारी ती पहिली नव्हती. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या एका आश्रमाला आग लागली. मनोरुग्णांना तिथे साखळ्यांनी बांधलेलं होतं. त्यांना जागचं हलता आलं नाही, २८ माणसं गेली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं गेलं की अशा रुग्णाला साखळीने बांधायचं नाही, कुठल्याही प्रकारे नाही. थोरल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण मायने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने दोर खाली टाकला.

माय धाकट्याशेजारी मातीत बसली. "भ्या वाटतं का रे?"

"हां."

"मी बसते इथं. रात्रभर उपाशी असशील. भाकर तू खा."

तिने डबा उघडला. भाकरीवर ठेचा होता, त्याने स्वतःच वाढून घेतलेला. त्याने थोडी खाल्ली, थोडी तिला दिली. अर्ध्या तासाने तो उठला आणि तिचा हात धरून जीपमध्ये बसला.

जालन्याला डॉक्टरांनी अ‍ॅप उघडून पाहिलं. बोट सरकवत त्या खाली खाली गेल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. त्यांनी फोन बाजूला ठेवला.

"हे खरं होतं का?"

धाकटा खाली पाहत म्हणाला, "नाही."

"कधीपासून?"

"दादा पाहायला लागला तवापासून."

थोरला खिडकीशी उभा होता. खोलीत काही वेळ कुणी बोललं नाही. मग थोरलाच म्हणाला, आवाज चढवून, पण डोळ्यांत पाणी होतं, "मग असं अ‍ॅप द्या ना मॅडम, ज्यात त्याला खोटं सांगताच येणार नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "तशीही आहेत. फोन किती हलला, माणूस किती चालला, रात्री जागा होता का, हे फोनला आपलं आपणच टिपता येतं. अमेरिकेत बोस्टनला, आपल्याकडे भोपाळला संगाथ संस्थेत आणि बंगळुरूला निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या फोनमध्ये असं अ‍ॅप टाकून अभ्यास केलाय. आजार उलटण्याआधी काही खुणा दिसतात का, हे शोधायला. रुग्णांनी आपणहून होकार दिला होता. चांगलं काम आहे. तुमच्या भावाच्या फोनमध्येही ते टाकता येईल."

"मग टाका."

"टाकते. मग तो फोन घरी ठेवून जाईल. काल रात्रीही घरीच ठेवला होता ना?"

थोरल्याला चार्जिंगला लावलेला फोन आठवला. तो बाकावर बसला.

तीन आठवड्यांनी धाकटा घरी आला. रात्री आठला फोन वाजला, त्याने तो बंद केला. दुसऱ्या रात्रीही तेच. मनाच्या आजारासाठी अ‍ॅप घेणाऱ्यांचा जगभरचा अनुभव असाच आहे. बहुतेक माणसं पंधरा दिवसांच्या आत ते उघडणं सोडून देतात. मागे कुणी विचारपूस करणारं असेल तर जास्त टिकतात. धाकट्याच्या मागे विचारणारा होता, पण त्याचं विचारणं त्याला नको झालं होतं. आणि थोरल्याला आता त्याच्या खोलीत जायचाच धीर होत नव्हता.

एका रात्री माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. फोन वाजला.

"काय म्हणतो रे तो?"

"काही नाही."

"काहीतरी विचारतो ना? मले वाचून दाखव. मले कुठं येते."

त्याने नाइलाजाने फोन उचलला आणि वाचलं, "गोळी घेतली का?"

"घेतली. मी पाहिली. पुढं?"

"काल झोप किती झाली?" वाचून तो थांबला. मग त्याने मान वर केली. "तुझी किती झाली, माय?"

माय हसली. मग तिचं हसू विरलं आणि सुपातला हात थांबला. "मले कुठली झोप? तू चाकणहून आला तवापासून दोन-तीन घंटे. दाराचा आवाज झाला की डोळा उघडते."

इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. धाकटा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच्या उत्तरात 'तीन तास' दाबलं. पुढचा प्रश्न त्याने मोठ्याने वाचला. "आवाज आले का?" आणि त्यानेच सांगितलं, "आला. दुपारी. भोंगा."

गोल पिवळा झाला. माय उठली नाही, तिने कुणाला हाक मारली नाही. सुपातले खडे वेचत म्हणाली, "मग आज दोघंबी लवकर पडू."

तेव्हापासून रोज आठला तो तिला वाचून दाखवू लागला. आधी तिचं उत्तर, मग त्याचं. कधी वहिनी भांडी घासता घासता आपली झोप सांगायची. लेकरं तर चौथ्या प्रश्नाला वर्गातली सगळी नावं घ्यायची. पुढच्या तपासणीला समाजसेविका ताईला हे कळलं तेव्हा तिला नाशिक जिल्ह्यातल्या 'आत्मीयता' उपक्रमाची आठवण झाली. पुण्याच्या एका संस्थेने तो सुरू केला होता. गावातलीच माणसं फोनवर छोट्या फिल्म दाखवायची आणि त्या निमित्ताने शेजाऱ्याच्या मनातलं ऐकून घ्यायची. मायला ती म्हणाली, "मावशी, लोक जे शिकून करतात ते तुम्ही न शिकता केलं."

थोरला लांबून ऐकायचा. दाराशी टेकून उभा राहायचा आणि निघून जायचा. एका रात्री धाकट्याने चौथा प्रश्न वाचला, "आज कुणाशी बोललात?" आणि दाराकडे पाहून म्हणाला, "दादा, तू?"

थोरला म्हणाला, "माझ्या दुकानात गिऱ्हाईकच आलं नाही. कुणाशी बोलू?" एवढं बोलून तो गप्प होणार होता. पण सगळे त्याच्याकडे पाहत होते. मग त्याने भाड्याचं सांगितलं, उसन्या पैशांचं सांगितलं, समृद्धी झाल्यापासून कितीदा संध्याकाळी गल्ला रिकामा बंद केला तेही सांगितलं. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. धाकटा म्हणाला, "मी येतो उद्यापासून दुकानावर. ट्रॅक्टरवाल्यांची कामं घेऊ. मोटरचंबी मले येतं थोडं." तो आयटीआय शिकलेला होता. घरातले सगळे ते विसरूनच गेले होते.

थोरल्याने त्या रात्री हात पुढे केला. फोन मागितला नाही, विचारलं. "पाहू का?"

धाकट्याने दिला. गोल पिवळा होता. थोरल्याने पाहिला आणि परत देत म्हणाला, "उद्या उशिरा ये दुकानावर. झोप काढ."

पावसाळ्यात एका रात्री गोल लाल झाला. धाकट्यानेच तो सगळ्यांना दाखवला. त्याचे हात थरथरत होते. "भोंगा थांबेना. बाबा बोलवतात." मायने त्याचा हात धरला. वहिनीने चहा टाकला. थोरल्याने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी अडीअडचणीसाठी दिलेली गोळी द्यायला सांगितली आणि सकाळी बोलावलं. थोरला रात्रभर भावाच्या खाटेशेजारी गोधडी टाकून पडला. पहाटेच्या एसटीने दोघं जालन्याला गेले, औषध बदलून घेतलं आणि दिवेलागणीला परत आले. विहिरी बघायला कुणाला जावं लागलं नाही. गावात कुणाला काही कळलंही नाही, कारण कळण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

फोन दोन्ही वर्षी तोच होता. प्रश्न तेच, रंग तेच, वाजायची वेळही तीच. आधी खरं बोललं की त्याची किंमत धाकट्याला मोजावी लागायची. किल्ली जायची, लेकरं दुरावायची, गावात नाव व्हायचं. तो आजारी होता, पण हिशेब त्यालाही कळत होता. पुढे खरं बोलल्यावर फार तर चहा मिळू लागला, नाहीतर सकाळी उशिरापर्यंत झोपायला. अ‍ॅप कितीही हुशार केलं तरी खऱ्याची किंमत अशी उतरवायचं काम त्याला करता येणार नाही. खरं ऐकून घेण्याची तयारी घरातल्या माणसांनाच करावी लागते, आणि थोरल्यासारख्या घाबरलेल्या, जीव लावणाऱ्या माणसाला ती सगळ्यात जड जाते. म्हणून त्याने ती केली याचं मोल मला जास्त वाटतं.

दिवाळीच्या आधीच्या तपासणीला समाजसेविका ताईने धाकट्याला आणखी एक गोष्ट सांगितली. २०१७ च्या त्याच कायद्याने आजारी माणसाला एक हक्क दिला आहे. आपली तब्येत बिघडली तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, कुणी मदत करायची, हे तो स्वतः आधीच ठरवू शकतो. साध्या कागदावर नाव लिहायचं आणि खाली सही करायची, नाहीतर अंगठा. ज्याचं नाव लिहिलं त्यानेही आपली संमती लिहून द्यायची.

घरी आल्यावर थोरल्यानेच दुकानातल्या वहीतून कागद काढून दिला. मायचं नाव येणार हे सगळे धरून होते. धाकट्याने लिहिलं आणि कागद थोरल्यापुढे सरकवला. त्यावर थोरल्याचं नाव होतं.

"माझं?"

"माय किती धावेल आता? आणि तू विचारून पाहतो."

थोरल्याने पेन घेतला. त्याच कागदावर खाली त्याने आपली संमती लिहिली, सही केली, तारीख टाकली. पुढच्या खेपेला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर दोघांनी तो कागद जालन्याला नेऊन डॉक्टरांकडे दिला.